पेटीचा आराम

तीन देशांच्या सरहद्दी ओलांडून ड्रायव्हरने आजच्या चित्रकारांच्या चित्रांची पेटी संग्रहालयात आणून पोचवली. दोन दिवस त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"चोवीस तास कोणी हात लावायचा नाही!" व्यवस्थापक बाई कडाडल्या. "प्रवासातून आलीय ती. इथली हवा मानवली की मगच उघडायची. प्रदर्शनाला पैसा देणाऱ्यांची अटच आहे."

"आणि मी कुठे पाठ टेकू?"

"तुम्ही लगेच परत फिरा. पुढची पेटी खोळंबलीय. तुमच्या मुक्कामाचं काही लिहिलेलं नाही करारात."

ड्रायव्हरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेटीवरची 'नाजूक' लिहिलेली चिठ्ठी त्याने टरकन उपटली, स्वतःच्या छातीवर थापली आणि पेटीला खेटून फरशीवर आडवा झाला.

"लिहून घ्या, बाई. दोन नग पोचले. दोन्ही उद्याच उघडायचे."