टेकायची जागा

मानपाड्याच्या नव्या हॉस्टेलसमोरचा चौक आर्किटेक्ट महिपतरावांनी जीव ओतून आखला होता. एकही झाड तोडलं नव्हतं. दुपारची सावली कुठे पडते ते बघून तिथेच लाकडी बाकं बसवली होती. वर्ष झालं, तरी त्या बाकांवर कावळ्यांशिवाय कोणी बसेना. मुलंमुली सगळी गेटबाहेर, गटाराच्या कठड्यावर.

न राहवून त्यांनी तिथे मुलांच्या घोळक्यात असलेल्या सगुणाला विचारलं, "अगं, आत एवढी बाकं असताना इथे का?"

"सर, माझी आत्या रोज याच रस्त्याने भाजीला जाते. तिकडे पोरांबरोबर बसलं की बसलोय असं दिसतं. इथे नुसतं टेकलोय असं दिसतं."

पुढच्या महिन्यात कॉलेजने ती बिनकामाची बाकं उपटली आणि गेटबाहेर त्यांचा ढीग रचला. निदान लाकूड तरी वाचवावं म्हणून महिपतराव दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन आले. बघतात तर मुलामुलींनी ढिगावर तीळ ठेवायलाही जागा ठेवली नव्हती.

त्यांना बघून सगुणा शेजारच्या मुलाला म्हणाली, "सरक रे जरा, सरांना टेकू दे."