विसरलेला चष्मा

माझी बायको प्रयोगशाळेत मोहरीएवढा काचेचा मणी एकाच वेळी दोन ठिकाणी ठेवायच्या खटपटीत आहे. अणूंना ते जमतं म्हणे, पण त्यांच्या हिशेबात मणी म्हणजे हत्तीच.

"बघितलं की तो एकाच ठिकाणी सापडतो," काल भांडी विसळताना ती म्हणाली.

"आणि दुसरीकडे?"

"तिथे तो कधी नव्हताच, असं होतं."

"मग मलाही ठेव ना दोन ठिकाणी. तुझ्याविना दिवसभर करमत नाही."

"चल, चावट!" तिने ओला हात माझ्या नाकाला पुसला.

आज ती चष्मा विसरून गेली. शिलाई मशीनवरून तो उचलून मी तिला फोन लावला.

"अगं वेंधळे, चष्मा घरीच राहिलाय."

"काहीतरीच काय! मघाशी तूच आणून दिलास की. डोळ्यांवरच आहे माझ्या."

मी हातातल्या चष्म्याकडे पाहिलं. फोनमधून शीळ ऐकू येत होती. माझीच, नेहमीसारखी बेसूर.

"आणि माझ्या मागे उभा राहून फोन कसला करतोस? थांब, वळतेच आता."

शीळ थांबली.

"नको गं, बघू नकोस," मी कळवळून म्हणालो.

माझ्याबरोबरच, तिच्या पाठीमागूनही कुणीतरी तितक्याच कळवळ्याने तेच म्हणालं.