ढोलामागची झणझण

"ज्योती, ढोल पोकळ हाय गं," फोनवर कल्याणदादा म्हणाला. "गानं झ्याक हाय, पन ठोका पोटात बसत न्हाई. संध्याकाळपर्यंत जमव. न्हाईतर परवा देवीच्या मिरवणुकीत मी दुसरंच लावनार."

कल्याणदादाचा डीजे निघाला की तिसगावातल्या म्हाताऱ्यासुद्धा ओट्यावर येऊन उभ्या राहतात. त्या डीजेवर आपलं गाणं वाजावं आणि आपल्याच गावाने त्यावर नाचावं, एवढंच ज्योतीला हवं होतं. ते हातचं चाललं होतं. तिला रडूच आलं. नाक पुसून तिने लॅपटॉप उघडला.

आठ महिन्यांपूर्वी तिने लॅपटॉपवर पहिला ढोल बनवला होता. जुने स्पीकर लावून वाजवला, तर प्रत्येक 'धम्म'च्या मागे 'झन्न' यायला लागलं. ज्योती हट्टाला पेटली. मोबाईलवर धडे बघून तिने ठोक्यामागे रेंगाळणारी शेपटी छाटली, वरचा आवाज घासून काढला, आणि शेवटी बास, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, कमी कमी करत नेला. बास उतरला तशी झणझणही गेली. जमलं बाई एकदाचं, असं तिला वाटलं. हेडफोनवर बास जोखू नका, असं शिकवणारा बजावून सांगायचा. ज्योती इतकी आज्ञाधारक, की तिने हेडफोन आतेभावाला देऊन टाकले होते.

"तुझा पयलाच ढोल बरा हुता," दारातून आई म्हणाली. लंकाबाईंनी सकाळपासून दसरा काढला होता. घट बसायच्या आत घरातली वस्तू न् वस्तू धुऊन निघायला हवी. गोधड्या तारेवर होत्या, भांडी अंगणात होती आणि आईचे हात कोपरापर्यंत राखेने माखले होते.

"आई, तुला यातलं काय कळतंय?"

"मला काय कळायचंय," म्हणत लंकाबाई हंडा घासायला निघून गेल्या.

ज्योतीने दोन तास डोकं आपटलं. ढोल पोकळ तो पोकळच. अखेर वैतागून तिने आठ महिन्यांपूर्वीची फाईल उघडली आणि आवाज पूर्ण वाढवला. झणझण तर झणझण!

धम्म. धम्म. धम्म.

ठोका थेट पोटात बसला. मागे झन्न नव्हतं. तिने पुन्हा लावून पाहिलं. नाहीच. स्पीकरच्या मागे पाहिलं, खाली पाहिलं. मग वर पाहिलं. स्पीकरच्या डोक्यावर भिंतीला भांड्यांची मांडणी होती, आणि आज ती रिकामी होती.

ज्योती अंगणातून दोन ताटं घेऊन धावत आली. ताटं मांडणीवर ठेवली: धम्म-झन्न. काढली: धम्म. ती एकटीच खो खो हसत सुटली. वाजली होती भांडी आणि आठ महिने मार खात होता बिचारा ढोल.

जुना ढोल घालून तिने गाणं पाठवलं. पाच मिनिटांत फोन आला.

"आता कसं! कुटं शिकलीस गं हे?"

"दसरा काढताना," ज्योती म्हणाली.

घटस्थापनेच्या दुपारी मिरवणूक त्यांच्या दारावरून निघाली. टेम्पोवर ज्योतीचं गाणं होतं आणि पोरं धूळ उडवत नाचत होती. घरात लखलखीत भांडी मांडणीवर परत लागली होती. ठोका पडला तशी ती सगळी एकदम झणझणली. ज्योतीने घाबरून दोन्ही हातांनी ताटं दाबून धरली.

"हात काढ," लंकाबाई म्हणाल्या. "भांडी तुझ्या पयल्या ढोलावर नाचली हुती, त्यानंतर आज नाचत्यात. नाचू दे त्यांना."