बचत गटाची बाई

"चप्पल भाईर काढ, आन् मग काय इकायचंय ते सांग," गोजाबाईंनी दारातच फर्मावलं.

सादिकानं चप्पल काढली. "विकायला नाही आले, मावशी. बचत गटाकडून आलेय."

गोजाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "ये."

बचत गट वगैरे सगळी थाप. सादिकाच्या पिशवीत महिन्याच्या गोळ्या होत्या. एचआयव्हीच्या पेशंटनं तारीख चुकवली की तिची संस्था अशीच माणूस पाठवते, कारण घरच्यांपुढे आजाराचं नाव काढायचं नसतं. बचत गटाची बाई आली की ओळखायचं, हे पेशंटला आधीच सांगून ठेवलेलं असतं. चिठ्ठीवरही एवढंच होतं : इंद्रायणी, आणि रावेतचा पत्ता. फोन बंद. सतरा दिवस गोळ्यांचा खाडा. आणखी दिवस गेले तर औषध लागू पडेनासं होईल, या धास्तीनं सादिकाला रात्री झोप नव्हती. त्याच गोळ्यांवर तीही अकरा वर्षं धडधाकट उभी होती.

घरात दोघीच होत्या, सासू आणि सून.

"तुमचं नाव काय?" तिनं सुनेला विचारलं.

"मंजुषा."

हे सासरचं असणार, सादिकानं ताडलं. लग्नात नाव बदलतं, आणि कुणाला सुगावा लागू नये म्हणून कित्येक जणी दवाखान्यात माहेरचंच लिहितात.

"आणि माहेरचं?"

सून तोंड उघडणार तोच गोजाबाई मधे पडल्या. "तिला काय इचारतीस? मला इचार. गटात मीच येनार. माजं नाव लिही."

"मावशी, तरुण बायकांचा गट आहे हो आमचा."

"का? म्हाताऱ्यांला जीव न्हाई व्हय?"

काय खाष्ट बाई आहे! सादिकाचं डोकंच फिरलं. आजार कळल्यावर सादिकाच्या स्वतःच्या सासूनं एका दिवसात तिची ताट-वाटी वेगळी केली होती. सासवा कशा असतात ते तिला कुणी शिकवायला नको होतं. या पोरीला कसंही करून एकटीला गाठायला हवं.

"जरा पाणी पिऊन येते," म्हणत ती स्वयंपाकघराकडे वळली, तर गोजाबाईंनी मनगटच धरलं.

"हितंच बस. ती आनती."

सून पाणी घेऊन आली. "काही अडचण असली तर सांग हं," सादिका हळूच म्हणाली. "मी आहे."

सून गोंधळली. सासूकडे बघत म्हणाली, "अडचन? न्हाई बा."

किती घाबरलीय बिचारी!

"मंजे, गच्चीवरच्या कुरडया भरून आन," गोजाबाई कडाडल्या. "एक बी मोडली तर बघ."

सून जिना चढून गेली. संपलं सगळं. सादिकाच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं. तिनं पिशवी उचलली. "येते मी."

गोजाबाईंनी पुढं होऊन दाराला कडी घातली.

"कवाधरनं सांगतीय माजं नाव लिही म्हनून, बावळट हायेस का गं? माजंच म्हायेरचं नाव इंद्रायणी. काढ माज्या गोळ्या, ती खाली यायच्या आत."