आबांची शेवटची इच्छा

आपल्याला पकडणाऱ्या माणसाचा चेहरा कावळा किती वर्षं लक्षात ठेवतो, यावर ऋतिकाची पीएचडी चालू आहे. त्यासाठी गेल्या वर्षी तिने मढच्या घाटावरचे चाळीस कावळे जाळ्यात धरून त्यांच्या पायात नंबराच्या रिंगा घातल्या. तेव्हापासून ती दिसली की ते नुसते ओरडतात, खाली उतरत नाहीत.

त्याच घाटावर तिच्या आजोबांचा, आबांचा, दहावा होता. प्रवचन संपलं, पिंड ठेवला, आणि कावळे उंबरावर बसून कलकलाट करत राहिले.

"जीव अडकलाय कशात तरी," माणसं कुजबुजली.

गोरक्षकाकांनी हात जोडले. "आबा, मेंढरं इकत न्हाई." कावळे हलले नाहीत. "आबा, ऋतिकाचं लगीन यंदाच उरकतो." तरीही नाही.

ऊन चढलं. शेवटी तुकाबाई आजी पिंडापाशी आली. "अवो, कळलं मला. पोरीची पीएचडी झाल्याबिगर घरात कुणी लग्नाचं नाव काढणार न्हाई."



ऋतिकाने स्कूटीवर बांधते तसा स्कार्फ तोंडाला गुंडाळला, आणि कावळा शिवला.