शेजारणीचा फोन

"चाचणीसाठी हा पत्ता नको," निरीक्षक बाई म्हणाल्या. "मागच्या पाहणीतही गाडी याच घरी गेली होती. त्या घरातल्यांना आता सगळं तोंडपाठ असेल."

महिला कल्याण खात्याचे संचालक मोकळेपणाने हसले. "तुमच्यापुढे आमची डाळ शिजायची नाही, ताई."

ताई. बाईंनी समोरचा पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

स्त्रियांच्या हक्कांबद्दल सरकारने जे जे कबूल केलं होतं, त्यातलं प्रत्यक्षात काय उतरलं हे तपासायला एक स्वतंत्र समिती नेमली होती. बाई तिच्या प्रमुख. सकाळपासून त्यांनी निवारागृहाच्या खोल्या पाहिल्या, तिथल्या बायकांशी दार लावून बोलल्या. आता उरली होती मदतवाहिनी. फोन आला की महिला पोलिसांची गाडी निघायची. संचालकांचं हे लाडकं बाळ. ते पास झालं की त्यांची सचिवपदावर बढती पक्की होती.

आणि म्हणूनच या खात्याची पाहणी बाईंनी मागून घेतली होती.

तरुणपणी त्या याच इमारतीत नोकरीला होत्या. अंगाने लहानखुऱ्या म्हणून सगळे त्यांना चिमणी म्हणत. चिमणीने एक तक्रार केली. चौकशी झाली, पुरावा नाही म्हणून तक्रार निकालात निघाली, आणि चिमणीच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं सगळीकडे पसरलं. पसरवलं ते याच गृहस्थांनी. नोकरी गेली. ठरलेलं लग्न मोडलं. आईने तर कितीतरी महिने शेजारपाजारच्यांना तोंड दाखवलं नाही.

सकाळी हात जोडताना संचालकांनी विचारलं होतं, "आपण आधी कुठे भेटलोय का?"

"तुम्हीच आठवा," बाई म्हणाल्या होत्या.

त्यांना आठवलं नव्हतं. बाईंना सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच.

"मग पत्ता कोणाचा द्यायचा?" संचालकांनी विचारलं. "उगाच कोणा परक्याच्या दारात पोलीस उभे करायचे म्हणजे..." ते थांबले आणि टेबलावर थाप मारून म्हणाले, "माझ्याच घरचा द्या! हातच्या कांकणाला आरसा कशाला? बायको घरीच आहे. समजूतदार आहे बिचारी, पोलिसांना चहा पाजूनच परत पाठवेल."

"त्यांना आधी कळवायचं नाही."

"हा घ्या माझा फोन. ठेवा तुमच्याकडे."

"आणि गाडीतल्या बायकांनाही ही चाचणी आहे हे सांगायचं नाही."

"सांगतच नाही आम्ही. माझाच नियम आहे तो."

बाई आपल्या तरुण मदतनीस मुलीला घेऊन शेजारच्या खोलीत गेल्या. दार लावलं. काचेतून संचालक दिसत होते, पण इकडचा आवाज तिकडे जात नव्हता. बाईंनी फोन लावला.

"मी शेजारीण बोलतेय," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "बाजूच्या घरातल्या बाईंना त्यांचा नवरा छळतो. आरडाओरडा नसतो हो. गोड बोलत बोलत जवळ येतो आणि दंड धरून पिळतो. कोपराच्या वर, बाहीखाली झाकला जाईल असा. आणि विचारतो, आता दाखव कोणाला दाखवतेस ते."

फोन ठेवला तेव्हा मदतनीस त्यांच्याकडे बघतच राहिली होती. "मॅडम, इतकं बारीकसारीक कसं सुचलं तुम्हाला?"

"सुचलं," बाई म्हणाल्या.

त्या परत येऊन संचालकांसमोर बसल्या. त्यांचा शेरा मनात केव्हाच तयार होता: यंत्रणा फक्त कागदावर. असल्या गाड्या त्यांनी गावोगाव पाहिल्या होत्या. कुठे पेट्रोल नसायचं, कुठे चालक जेवायला गेलेला. ही गाडीही वाटेत कुठेतरी अडकेल आणि या माणसाचा चेहरा कसा उतरतो ते आपण डोळे भरून बघू. इतकी वर्षं त्यांनी याच एका गोष्टीची वाट पाहिली होती.

चहा आला. तो निवायच्या आतच नियंत्रण कक्षातली मुलगी धावत आली. "सर, गाडी पोचली!"

संचालकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "इतक्यात? बघा ताई. आता तरी पैकीच्या पैकी द्याल की नाही?"

बाईंच्या तोंडाला जणू कोणी पानं पुसली होती. यंत्रणा चालत होती. त्याची होती, आणि चोख चालत होती. आपल्याच हाताने आता याला सचिवाच्या खुर्चीत बसवायचं. त्यांनी दातावर दात दाबले आणि पेन उघडलं.

"आवाज इथे जोडून दे," संचालकांनी मुलीला फर्मावलं. "ताईंना आपल्या बायकांचं काम ऐकू दे."

टेबलावरच्या स्पीकरमध्ये खरखर झाली. मग गाडीवरच्या हवालदार बाईंचा आवाज आला.

"नियंत्रण कक्ष, दार घरातल्या बाईंनीच उघडलं. हसतमुख होत्या. काही नाही हो, कोणीतरी चेष्टा केली असेल, म्हणाल्या."

"बघा," संचालक म्हणाले. "सांगितलं नव्हतं?"

"पण नियम आहे म्हणून त्यांना एकटीला आतल्या खोलीत नेलं. शेजारणीने फोनवर जे सांगितलं ते शब्द न शब्द त्यांना ऐकवलं. ऐकून त्यांनी बाही वर केली. दंड काळानिळा पडलाय, वळ ताजे आहेत. गाडीत बसायला तयार आहेत. म्हणतात, आजवर आईलासुद्धा सांगितलं नाही, मग शेजारणीला कळेल कसं?"

संचालकांचा हात स्पीकरच्या बटणाकडे गेला. बाईंनी तो मनगटाला धरून टेबलावर दाबून ठेवला.

"आणि त्यांना एक विचारायचंय," हवालदार बाई म्हणाल्या. "ज्या बाईने फोन केला, तिचाही दंड यांनीच पिळला होता का?"