पुठ्ठ्यावरचे पट्टे

तिसरी स्प्रे गनही पेंटरने काउंटरवर ठेवून दिली. “हीसुद्धा थुंकते,” तो म्हणाला.

दुकानाच्या मागच्या खोलीत कॉम्प्रेसर धडधडत होता. काउंटरशेजारच्या भिंतीला टेकवलेल्या पुठ्ठ्यावर ओले पट्टे उठले होते. दुकानात रंग उडवायची मुभा नव्हती. गनच्या भांड्यात पाणी भरायचे, पुठ्ठ्यावर मारायचे आणि गन पारखायची. प्रत्येक पट्टा सरळ निघाला होता, मध्यावर लचकला होता, आणि लचकल्या जागी पाणी साचून खाली ओघळले होते. गन तीन, लचक एकच. दुकानदाराच्या जिभेवर वाकड्या अंगणाची म्हण आली होती. ती त्याने चहाच्या घोटाबरोबर गिळली. तीस वर्षांचे गिऱ्हाईक होते.

पेंटरची बायको दाराजवळ स्टुलावर बसली होती. जुनी गन फडक्यात गुंडाळून तिने मांडीवर धरली होती.

पेंटर दुकानदाराला सांगत होता की शेडमध्ये दहा पेरणीयंत्रे अस्तराचा पहिला हात मारून उभी आहेत. गुरुवारी कारखान्याचा माणूस येईल आणि प्रत्येक यंत्रावरून बोट फिरवील. बोटाला एक जरी ओघळ लागला तरी पुढचे काम मोठ्या वर्कशॉपला जाणार, हे त्याने तोंडावर बजावले आहे. जुन्या गनचे वय झाले, त्याला कोण काय करणार. मागच्या खेपेला तिने जागोजागी ओघळ सोडले; पण देवाची कृपा, रंग वाळता वाळता ते आपोआप बसले. संध्याकाळी दिसायचे, सकाळी बघावे तर पत्रा आरशासारखा.

दुकानदाराचा जन्म रंगात गेला होता. वाळून बसणारा ओघळ त्याने अजून पाहिला नव्हता. त्याने पेंटरच्या बायकोकडे पाहिले. ती छताचा पंखा पाहत होती.

“आणि तुझ्या दुकानातला तो वॉटर पेपर,” पेंटरने मोर्चा वळवला. “हल्ली आणला की संपला. घासायला घ्यावा तर डब्यात तुकडे. उंदीर खातात की काय, कळत नाही.”

“एकच आहे,” बायको म्हणाली. “पहाटे येतो.”

“मग सापळा लाव.”

“लावते.”

दुकानदाराने विषय बदलला आणि कोपऱ्यातले मोठे मशीन पुढे ओढले. चाकांवर चालणारे, लांब दांड्याचे. माणसाने चार हात लांब उभे राहायचे आणि रंगाचा लोट सोडायचा. पेंटरने दांडा दोन्ही हातांनी धरला. दोन हातांत तो बराच स्थिर राहिला, म्हणून त्याला तो आवडला. हेच घेऊ, असे तो दोनदा म्हणाला.

चाकाच्या आऱ्यांमागे हे जाईल का, असे बायकोने विचारले. बियाण्याच्या नळ्यांच्या मधल्या फटींत? दुकानदार सरळ माणूस होता. हे गोदामांच्या भिंतींसाठी आहे, असे त्याने कबूल केले; पेरणीयंत्राला मारले तर यंत्रापेक्षा जमीनच जास्त रंगेल.

ती उठली. जुनी गन स्टुलावर ठेवून तिने काउंटरवरची पहिली गन उचलली. छोटी, वर भांडे असलेली. हातात तोलून पाहिली.

“अहो, ही घेऊ.”

“ती तर पहिल्यांदा थुंकली.”

“माझ्या हातात बसते.”

“तुझ्या हातात कशाला बसायला हवी?”

पुठ्ठा फिरवून तिने कोरडी बाजू पुढे केली, बाह्या सारल्या आणि एक वीत अंतर धरून घोडा दाबला. मनगट हलले नाही, खांद्यापासून अख्खा हात सरकत गेला. पुठ्ठ्याची कड यायच्या आत तिने बोट सोडले. दुसरा पट्टा पहिल्यावर अर्धा चढवला, तिसरा दुसऱ्यावर. पाणी कुठेही साचले नाही.

पेंटर जवळ आला. कडेच्या आत बोट सोडायची सवय त्याची होती. त्याने ती कुणाला शिकवली नव्हती. मागे चालणाऱ्याला मात्र दिसली असती. आणि तीस वर्षे त्याच्या मागे एकच माणूस चालत आले होते. हवेची नळी ओल्या रंगावर घासू नये म्हणून ती जमिनीवरून उचलून धरायची, हे बायकोचे काम. कीर्तनात पुढच्याने पद म्हणावे आणि मागच्याने ते धरून ठेवावे, तसे.

“मागच्या खेपेची किती यंत्रे?” त्याने विचारले.

“घासली सगळी.” ती पुठ्ठ्याकडेच पाहत होती. “परत रंग मारला चारांना.”

कॉम्प्रेसरची टाकी भरली आणि तो आपोआप बंद झाला.

“उंदीर,” पेंटर म्हणाला.

दुकानदाराने गन खोक्यात भरू का म्हणून विचारले. थांबा, ती म्हणाली, खालून वर मारून बघायची राहिली. चाकामागे वाकूनच मारावे लागते. ती वाकली, तशी नळी स्टुलाच्या पायात अडकून ताणली गेली. सोडवायला ती मागे वळणार, तोच नळी सैल झाली.

पेंटरने ती जमिनीवरून उचलली होती. तो तिच्या डाव्या हाताला, अर्धे पाऊल मागे उभा होता. त्याचा हात थरथरत होता, त्याबरोबर नळीही. पट्टा सरळ गेला.